मांजराची नुसती शेपटी दिसालीय : पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी कोडिंगचं साधन कसं निवडायचं

शनिवारची सकाळची शाळा. खानापूर तालुक्यातलं एक गाव, बाहेर धो धो पाऊस, आत चार लॅपटॉप आणि अकरा मुलं. चौथीतल्या एका मुलीनं स्क्रॅच या आज्ञांचे ठोकळे जोडून कोडिंग करायच्या अॅपमधल्या मांजराला १० ऐवजी १००० पावलं चालायला सांगितलं आणि हिरवा झेंडा (सुरू करायचं बटण) दाबला. मांजर उजव्या कडेला जाऊन अडकलं. "सर, मांजर गेलं की हो! नुसती शेपटी दिसालीय."

शेजारच्या पोरानं सुचवलं, "उलटं फिरव की त्याला." आकडा कमी केला, १८० अंश फिरवलं. मांजर परत आलं खरं, डोक्यावर चालत. सगळा वर्ग हसला. मग ती दोघं इकडं-तिकडं दाबत बसली आणि शेवटी मंचाच्या (मांजर फिरतं त्या जागेच्या) खाली दिशेच्या आकड्यावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत 'फक्त डावी-उजवी' हा पर्याय त्यांना सापडला. पंधरा मिनिटं गेली. मी एक अक्षर शिकवलं नव्हतं.

साधन निवडताना मी आता हीच गोष्ट आधी बघतो. मुलानं केलेली चूक मुलाला डोळ्यांनी दिसते का? आणि मोठ्या माणसाला हाक न मारता ती त्याला दुरुस्त करता येते का? बाकी चित्रं, बक्षिसाचे तारे, प्रमाणपत्रं हे सगळं नंतर. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, वॉली फोयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातलं आज्ञेनं फिरणारं कासव पुढं याच कामाचं ठरलं. आज्ञा चुकली की कासव चुकीकडं जातं, आणि ते कुठं गेलं हे पोराला दिसतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहितोय. गल्लीत क्लास चालवणाऱ्यांनाही उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, घाई कुणीही लावलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख आहे तो सहावीपासून पुढच्या टप्प्यासाठी. त्यामुळं 'पहिलीपासून कोडिंग नाही केलं तर मूल मागं पडेल' असं सांगणाऱ्याचं पत्रक खुशाल घ्या, मागची बाजू कोरी असेल तर गणितं करायला उपयोगी पडते.

आधी मोजदाद

साधन शोधायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: चालू स्थितीतली यंत्रं किती, त्यावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे, माऊस किती चालतात, इंटरनेट कुठपर्यंत येतं, करंट किती वेळ असतो. 'शाळेत दहा संगणक आहेत' असं मुख्याध्यापक सांगतात तेव्हा त्यातले सुरू किती होतात ते स्वतः बटण दाबून बघा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बंद मशीनसुद्धा नोंदवहीत असतंच.

करंटचं विशेष. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला हेस्कॉम या वीज कंपनीची लाईन झाडं पडून जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. डेस्कटॉप असतील तर चालू यूपीएस नसताना मुलांचं काम अर्ध्यात उडतं. पहिल्यांदा उडालं की मुलं हळहळतात, तिसऱ्यांदा उडालं की येईनाशी होतात. जुने का असेनात, बॅटरी तासभर टिकणारे चार लॅपटॉप दहा डेस्कटॉपांपेक्षा बरे. हे माझं मत आहे, शहरातल्या शाळेला वेगळं वाटू शकेल.

इंटरनेटची कसोटी सोपी आहे. ज्या खोलीत वर्ग घेणार तिथं, ज्या वेळी घेणार त्याच वेळी, आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून दोन मशीन जोडून बघा. अडखळलं तर 'ऑनलाइन' असं लिहिलेली सगळी साधनं यादीतून काढून टाका.

मशीन नसतानाचे दोन आठवडे

हे टाळू नका. फरशीवर खडूनं चौकटी आखा, ठिकरीच्या डावाला आखतात तशाच, फक्त पाच गुणिले पाच. एका कोपऱ्यात दप्तर ठेवा. एक मूल 'यंत्र' होतं, बाकीचे आज्ञा देतात: एक घर पुढं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ. यंत्रानं सांगितल्याबाहेर काही करायचं नाही.

पाचव्या मिनिटाला भांडण होतं: "डावीकडं म्हणजे कुणाच्या डावीकडं, सर? माझ्या की त्याच्या?" उत्तर देऊ नका. त्यांना ठरवू द्या. इथं जे मूल 'यंत्राच्या डावीकडं' असं स्वतः ठरवतं, त्याला पुढं स्क्रॅचमधली वळणं समजवावी लागत नाहीत.

असे बिनसंगणकाचे खेळ जगभर वापरतात. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या गटानं 'सीएस अनप्लग्ड' नावानं ते मांडून ठेवलेत, आणि आपल्याकडं एसीएम इंडिया या संगणकशास्त्राच्या संस्थेचा 'सीएसपाठशाला' उपक्रम याच धर्तीवर काम करतो. दोन्हींचं साहित्य फुकट मिळतं. एकदा उतरवून छापून ठेवलं की इंटरनेटचा प्रश्नच येत नाही.

भाषेचं काय करायचं

आपल्या मुलांचं गणित वेगळं आहे. घरी आणि शाळेत मराठी, शाळेत कन्नड, शिवाय इंग्रजी. तीन लिप्या तिसरी-चौथीतच हाताळायला लागतात. त्यात इंग्रजी ठोकळ्यांचं साधन दिलं तर मूल 'रिपीट' वाचण्यात दमतं, आणि आपण समजतो त्याला कोडिंग जमेना.

म्हणून पहिली-दुसरीला शब्द नसलेलं साधन घ्या. तिसरीपासून शब्द असलेलं चालतं. स्क्रॅच उघडल्यावर वरच्या पट्टीत भाषा बदलायची सोय असते, ती यादी उघडून आपल्या आवृत्तीत काय आहे ते बघा. यातली खुबी अशी की प्रोजेक्ट एका भाषेत केलं आणि दुसऱ्या भाषेत उघडलं तर ठोकळ्यांवरचे शब्द आपोआप बदलतात. मराठी आणि कन्नड माध्यमाचे वर्ग एकाच आवारात भरतात तिथं, दोन्ही भाषा यादीत असतील तर, ही गोष्ट फार कामाची आहे. फाईल एकच, मुलं दोन्हीकडची. मुलांनी स्वतः टाईप केलेलं मात्र आहे तसंच राहतं.

ठोकळ्यांवर इंग्रजीच ठेवायचं ठरलं तरी काही बिघडत नाही, भिंतीवर एक तक्ता लावा. आमच्या वर्गात 'मूव्ह'ला 'चल', 'वेट'ला 'थांब', 'से'ला 'म्हण', 'रिपीट'ला 'परत परत', 'फॉरेव्हर'ला 'सारखं सारखं', 'इफ-देन'ला 'जर-तर'. 'एल्स'ला मी 'अन्यथा' लिहून आणलं होतं. पोरं म्हणाली 'न्हाईतर'. तक्त्यावर तेच लिहिलं.

वाचनाचा क्रम हीसुद्धा बारीक गोष्ट आहे. इंग्रजी ठोकळा 'मूव्ह' आधी म्हणतो आणि '१०' नंतर. मराठीत क्रियापद शेवटी: '१० पावलं चल'. मुलांना ठोकळा मोठ्यानं मराठीत वाचायला लावा, शब्दामागून शब्द लावायला नव्हे. आणि ठोकळा शोधताना नावानं नाही, रंगानं सांगा. 'निळ्यातला पहिला', 'पिवळ्यातला झेंड्याचा'. हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं.

कोणत्या यंत्रावर काय

पहिली-दुसरी आणि हाताशी टॅब असेल तर स्क्रॅच ज्युनिअर. हे ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी केलेलं आहे, २०१४ मध्ये आलं, फुकट आहे. ठोकळ्यांवर बाण आणि चित्रं, शब्द नाहीत. ठोकळे डावीकडून उजवीकडं जोडायचे, वाचतो तसे. मंचावर जाळी दाखवायचं बटण आहे, ते दाबलं की आडवी २० आणि उभी १५ घरं दिसतात आणि एक पाऊल म्हणजे एक घर. फरशीवरच्या खडूच्या चौकटी इथं जशाच्या तशा भेटतात. एका प्रोजेक्टला चारच पानं मिळतात, म्हणजे गोष्टही चार प्रसंगांची. हे बंधन मला आवडतं. स्वतःचं पात्र रंगवता येतं, कॅमेऱ्यानं फोटोही घालता येतो. एका पोराच्या गोष्टीत त्याची म्हैस होती आणि ती दर पानावर रताळी खात होती.

तिसरी ते पाचवी आणि संगणक असेल तर सरळ स्क्रॅच. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटानं ते बनवलं, २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आत्ता चालतं ती तिसरी पिढी २०१९ ची. ८ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. आपल्यासाठी कळीची गोष्ट म्हणजे त्याचं ऑफलाइन अॅप. एकदा कुठंतरी चांगल्या नेटवर उतरवा, पेनड्राइव्हनं सगळ्या मशीनवर टाका. खातं नको, नेट नको. विंडोज १० किंवा पुढचं मात्र लागतं. उतरवताना मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा रस्ता न धरता थेट डाउनलोडचा दुवा घ्या, नाहीतर दर मशीनला नेट लावत बसाल.

नेट नसताना 'बोलून दाखवणं' आणि 'भाषांतर' हे दोन जोड (जादा ठोकळ्यांचे संच) चालत नाहीत. 'पेन' आणि 'संगीत' चालतात, आणि मला प्राथमिकसाठी पेनच हवा असतो.

विंडोज ७ ची जुनी मशीन फेकू नका. त्यांच्यासाठी स्क्रॅचची १.४ ही जुनी, हलकी आवृत्ती आहे. दिसायला जुनाट, पण ठोकळे तेच. तिच्यातली फाईल नव्या स्क्रॅचमध्ये उघडते, उलटं होत नाही, त्यामुळं वर्गात दोन्ही आवृत्त्या असतील तर कोणतं काम कुठं सुरू करायचं ते आधी ठरवा. लिनक्स असेल तर टर्बोवार्प हे स्क्रॅचच्याच फाईली चालवणारं अॅप बघा. आणि मशीनवर लिबरऑफिस असेल तर त्याच्या रायटरमध्ये लोगोची पट्टी दडलेली असते. 'व्ह्यू'मध्ये 'टूलबार्स', त्यात 'लोगो'. पाचवीच्या हुशार पोराला एक तास गुंतवायला पुरतं.

घरी फक्त मोबाईल असेल, आणि बहुतेक घरांत तेवढंच असतं, तर स्क्रॅचचा नाद सोडा. फोनच्या पडद्यावर ते ठोकळे बोटाखाली येत नाहीत. ऑक्टोस्टुडिओ बघा. रेझ्निक यांच्याच गटानं ते २०२३ मध्ये आणलं, फोनसाठीच बनवलं, फुकट आहे, नेट नसतानाही चालतं. फोन हलवला की काहीतरी होतं, तिरका केला की काहीतरी सरकतं. शेतातल्या कोंबडीचा फोटो काढायचा, तिचा आवाज भरायचा, फोन हलवला की तिनं ओरडायचं, एवढं दुसरीतलं मूल अर्ध्या तासात करतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातून आलेलं पॉकेट कोडही अँड्रॉइड फोनवर चालतं. ते जास्त भारी आहे, पण पाचवीच्या खाली मी देणार नाही.

नेट चांगलं असलेल्या शहरातल्या शाळांना कोड डॉट ऑर्गचे धडे आहेत. टप्प्याटप्प्यानं नेतात, शिक्षक नवा असेल तर त्याला आधार वाटतो. माझी तक्रार एवढीच की तिथं उत्तर बरोबर आलं की मूल पुढच्या पायरीवर जातं, आणि 'उगाच करून बघू' याला जागा कमी उरते. गुगलनं सुरू केलेले ब्लॉकली गेम्स त्याच धाटणीचे, पण ते उतरवून ऑफलाइन चालवता येतात, म्हणून महिन्यातून एक तास बदल म्हणून ठेवा.

पायथन पाचवीपर्यंत नको. एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरात इंग्रजी दटावणी येते, आणि ती नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. म्हणजे चूक दिसते पण दुरुस्त करता येत नाही.

पैसे देऊन घेतलेलं साधन

एकदा मी फसलो, म्हणून सांगतो. एका विक्रेत्याच्या गोड बोलण्यात येऊन आम्ही वर्गणी काढून एक अॅप वर्षभरासाठी घेतलं. चित्रं सुंदर होती. जूनमध्ये सुरू केलं, जुलैत नेट गेलं, आणि कळलं की अॅप दर काही दिवसांनी नेटवरून परवाना तपासतं, नाहीतर उघडतच नाही. पावसाळा संपेपर्यंत ते बंद आणि वर्ष मात्र चालू. मुलांनी केलेलं कामही त्यातून बाहेर काढता येत नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही साधन, फुकट असो की विकत, मी घरी अर्धा तास असं तपासतो. फोन किंवा लॅपटॉप विमान-मोडवर टाकून उघडतो. काहीतरी मुद्दाम चुकवतो आणि ते 'चूक' असं नुसतं म्हणतं की चुकीचं झालेलं दाखवतं ते बघतो. मग सेव्ह करून, मशीन पूर्ण बंद करून, पुन्हा चालू करतो. फाईल पेनड्राइव्हवर निघते का आणि दुसऱ्या मशीनवर उघडते का बघतो. शेवटी शेजारच्या पोराच्या हातात देऊन गप्प बसतो. दहा मिनिटांत त्यानं "आता काय करू?" असं तीनदा विचारलं तर ते साधन आपल्याला नको.

साधन मुलाचं नाव, फोटो किंवा पालकांचा मोबाईल नंबर मागत असेल तर तिथंच थांबा. या वयात खात्याची गरजच नसते.

पहिला महिना

एका मशीनला दोन मुलं, फार तर तीन. एकाचा हात, दुसऱ्याचं तोंड: सांगणाऱ्यानं माऊसला शिवायचं नाही, हात असलेल्यानं न सांगितलेलं करायचं नाही. दहा मिनिटांनी अदलाबदल, आणि ती घड्याळ बघून करा. नाहीतर माऊस कायम एकाच पोराकडं राहतो आणि मुली बघत बसतात. हे दर वर्गात होतं.

सुरुवातीला क्ष-य चे (मंचावरची जागा आकड्यांनी सांगणारे) ठोकळे झाकून ठेवा. स्क्रॅचचा मंच ४८० गुणिले ३६० आहे आणि शून्य मधोमध, त्यामुळं डावीकडं गेलं की उणे आकडे येतात. चौथीच्या मुलाला ऋण संख्या कुणी शिकवलेल्याच नसतात. 'चल' आणि 'वळ' एवढ्यावर महिना निघतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा धडा घ्या, मला याहून चांगला सापडलेला नाही. खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून पेन जोडून घ्या. 'सगळं पुस', 'पेन टेकव', मग 'परत परत ४' मध्ये '१०० पावलं चल' आणि '९० अंश वळ'. चौकोन आला, सगळे खूश. आता म्हणा, त्रिकोण काढा. पाचवीची मुलं लगेच म्हणतात, तीन बाजू आणि ६० चा कोन. '३' घातलं, '६०' घातलं, झेंडा दाबला. त्रिकोण येत नाही. तोंड उघडं राहिलेली, परातीच्या अर्ध्या काठासारखी आकृती येते.

इथं तुमची परीक्षा आहे, सांगायचं नाही. रेघ एका क्षणात उमटते म्हणून आत '१ सेकंद थांब' घालायला सांगा, म्हणजे मांजर कुठं कसं वळतं ते दिसेल. कुणीतरी '३' चे '६' करतं आणि षटकोन बघून ओरडतं. मग एकाला उठवून फरशीवर खडूच्या त्रिकोणावरून चालवा. कोपऱ्यावर आल्यावर तो किती वळतो? सरळ तोंड करून आलेला पोरगा जवळजवळ मागं वळतो. ६० आतला कोन, वळायचं ते बाहेरनं, १८० वजा ६०. १२० घातल्यावर तोंड मिटतं. आमच्याकडं एका मुलीनं हे स्वतः शोधलं आणि नंतर दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही.

फाईलचं नाव देताना इयत्ता आणि गट क्रमांक, बस्स. पेनड्राइव्ह वर्गाचा एकच, तो गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही. नेलात तर व्हायरस घेऊन येतो, दर वेळी. मराठी टाईप करायला विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू करता येतो, तो आधी करून ठेवा. 'म्हण' या ठोकळ्यात देवनागरी नीट उमटते, आणि एकदा मांजर "काय करालाय बे?" असं म्हणालं की पुढं काय करायचं हे मुलांना सांगावं लागत नाही.

पहिलं साधन किमान वर्षभर बदलू नका. दर महिन्याला नवं अॅप आणलं तर मुलं बटणं शिकतात, विचार तिथंच राहतो. नवा ठोकळा मात्र मुलं मागतील तेव्हा द्यावा. गेल्या शनिवारी त्या शेपटीवाल्या मुलीनं विचारलं, "सर, म्हस आणि बस एकमेकाला धडकली तर त्यांना कसं कळणार?" पुढच्या शनिवारी फिकट निळ्या रंगातला 'शिवतंय का' हा ठोकळा उघडायचाय.